पाहुणा जेवत नाय

रामवाडीत आमच्या भिंतीला लागून राहणारे हे गृहस्थ धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले, की आमच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मागतात. जिवंतच लागतो. "पाहुणा जेवत नाय," एवढंच हळूच सांगतात. साप हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. पण त्यांच्या खिडकीत लटकलेली कात मी पाहिली आहे. तेव्हापासून मी त्यांच्याकडचा चहा टाळतो.

गेले चार दिवस ते आले नाहीत. आमच्या पिंजऱ्यातही काही सापडलं नव्हतं, म्हणून बरंच वाटलं. आज दारात भेटले.

"पाहुणा जेवायला लागला वाटतं?" मी विचारलं.

माझ्या खांद्यावरून आमच्या घरात डोकावत ते म्हणाले, "तुमच्याकडं उंदीर कमी झालेत काय हो?"