छापलेलं आणा

आज सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडताना आतून एक हस्तपत्रक पायाशी पडलं. गुडघेदुखी कायमची घालवणारं कसलंसं तेल. ओल्या शाईचा उग्र वास नाकात शिरला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. इतकी वर्षं झाली, तरी या वासाला मी सरावलेले नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिक रोडहून पॅसेंजरने इगतपुरीच्या एका शाळेत शिकवायला जात असे. खिडकीबाहेर धुकं, भाताची खाचरं आणि माझ्या मनात मुलांना शहाणं करायची केवढी तरी घाई. आठवीला मी प्रकल्प दिला होता, ‘आपल्या भागातले आजार’. ‘ऐकीव काही नको, छापलेलं आणा. खोटं असतं तर छापलं असतं का?’ असं मी ऐटीत सांगितलं. ज्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तकच नाही, तिथल्या मुलांनी छापलेलं आणायचं कुठून, हे माझ्या मनातही आलं नाही.

रेल्वेत गँगमन असलेल्या एकाची मुलगी वर्गात होती. अबोल, टपोऱ्या अक्षराची. घोटीच्या बाजारात वाटलेलं एक हस्तपत्रक तिने वहीत मधोमध चिकटवलं होतं, भोवती निळ्या शाईची वेलबुट्टी. ‘कावीळ सात दिवसांत मुळापासून बरी. दवाखान्याचं औषध बंद ठेवावं.’ हा मजकूर मी वाचला तो फार नंतर. त्या दिवशी फक्त वेलबुट्टी पाहिली आणि खाली लाल शाईने ‘उत्तम’ लिहून सही केली.

पावसाळ्यात ती शाळेत येईनाशी झाली. आठवड्याने मी तिच्या घरी गेले. वडील खाटेवर, डोळे हळदीसारखे पिवळे. उशाशी कसल्याशा पुड्या आणि ती वही.

“दवाखान्यात का नाही नेलं?” मी जवळजवळ ओरडलेच.

“जायाचंच म्हनत व्हते,” तिची आई म्हणाली. “पन पोरीनं वही दावली. खाली तुमची सही हाय ना, बाई.”

“अहो, मी ते वाचलंच नव्हतं!”

वडिलांनी कष्टाने मान वळवली. “खोटं असतं तर छापलं असतं का, बाई?”

माझंच वाक्य. मी हात जोडले, रडले, त्यांच्या पायांना हात लावला. दुपार टळल्यावर ते कसेबसे तयार झाले. जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई बसली होती; नाशिकचा सरकारी दवाखाना येईपर्यंत मी एकेक मैल मोजत होते. तिसऱ्या दिवशी ते गेले.

महिन्याने मुलगी वर्गात परतली. त्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं : हे कोणी लिहिलं? त्याला कसं कळलं? यात त्याचा काय फायदा? दुसरं कोणी हेच सांगतं का?

ती उभी न राहताच म्हणाली, “बाई, मग तुमचं तरी खरं कशावरून?”

माझ्या हातातला खडू मोडला. “मलाही विचारत जा,” एवढंच मी म्हणू शकले. तिने ते लिहून घेतलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये मी ते प्रश्न शिकवले. मुलं ते झटपट पाठ करत, परीक्षेत जसेच्या तसे लिहीत. तिच्यासारखं मात्र मला पुन्हा कोणीच विचारलं नाही. त्याने सुटल्यासारखं वाटावं की हरल्यासारखं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.