देवधरकाका आणि प्रागची खिडकी

देवधरकाका कुणाच्याही घरी गेले की बूट काढायच्या आधी एसीसमोर हात धरत. यजमान ‘या, बसा’ म्हणतायत आणि हे तळहात पसरून भिंतीपाशी उभे. मग निकाल लागे, “हवा येतेय, थंडी येत नाहीये.” बहारीनमधल्या सनाबिसच्या माझ्या पहिल्या फ्लॅटवर आले तेव्हा त्यांनी चहा बाजूला ठेवला, पिशवीतून रुपेरी टेपचा रोल काढला आणि हॉलची अख्खी खिडकी सील करून दिली. नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको बघतच राहिली.

आमच्या कंपनीत ते वातानुकूलनाचे मुख्य इंजिनीअर होते. मूळचे चिपळूणचे, पण हयात बहारीनमध्ये गेलेली. ऑगस्टात गच्चीवरच्या यंत्रांपाशी उभं राहायला आम्हा तरुणांना नको वाटे. काका तिथंच डबा उघडून बसत. साइटवर त्यांची एकच शिकवण होती. “मशीनला शिव्या नंतर द्या रे. आधी फट शोधा. फट म्हणजे घरातला चोर.” टेप लावायची पद्धतही ठरलेली. कोपऱ्यावर ती कापायची नाही, दुमडायची. कुणी कापली की सगळी काढायला लावत आणि म्हणत, “यल्ला, चल, परत! घडीची पोळी खाल्लीस ना कधी? तशी घडी घाल.” आम्ही पाठीमागे त्यांच्या नकला करायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

नीरज हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तिथल्याच ईसा टाउनच्या शाळेत शिकला, वडिलांच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देत मोठा झाला आणि नोकरीसाठी प्रागला गेला. काकांचं कुठलंही म्हणणं खोडून काढायचं, हे त्याचं व्रतच होतं. पहिल्या डिसेंबरात एका संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला. मी तेव्हा काकांच्या सनद भागातल्या घरी जेवायला गेलो होतो. जुन्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली, लाकडी खिडकी, आणि कानटोपी घालून कुडकुडणारा नीरज. “बाबा, इट्स फ्रीझिंग. व्हॉट डू आय डू?”

काकांचा चेहरा खुलला. पोरानं पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या धंद्यातलं काही विचारलं होतं. “तुझ्या बॅगेत मी रोल टाकलाय. एकूण एक फट बंद कर. बाथरूमची हवेची जाळीसुद्धा. आणि कोपरे दुमड!” नीरजनं ‘ओके, ओके’ करत फोन ठेवला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “ऐकेल तर शपथ.”

त्याच महिन्यात नीरज गेला. बाथरूममध्ये गॅसवर चालणारा जुना गीझर होता. त्याचा विषारी वायू खोलीत कोंडला आणि पोरगा झोपेतच संपला. त्याला आणायला मुंबईहून त्याचा मामा गेला. फटींबद्दल कुणी काही विचारलं नाही. काकांनीही नाही.

पण त्यानंतर त्यांचा विनोद आटला. लोकांकडे जाणं थांबलं. साइटवर कुणी रोलमधून टेप ओढली की तो चर्र आवाज ऐकून ते तिथून निघून जात. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “सुहास, लीव्ह टाक. माझ्याबरोबर प्रागला चल. तुझ्या शुभदाकाकूला ते गाव बघायचं नाही, आणि एकट्यानं मला तो जिना चढवणार नाही.”

मी तोवर युरोप पाहिला नव्हता. प्राग फार सुंदर आहे, आणि तेच मला सहन होत नव्हतं. दुपार सरते न सरते तोच अंधार, मनोऱ्यांवर बर्फ, चौकात नाताळचा बाजार आणि सगळीकडे दालचिनीचा वास. काका कशाकडेच बघत नव्हते. ते फक्त वरच्या मजल्यांवरच्या उजेड असलेल्या खिडक्या बघत चालले होते. मागून एखादा तरुण आला की अंग चोरून त्याला वाट देत आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहत. नदीवरच्या दगडी पुलावर ते थांबले. “मला एवढंच कळायला हवं, त्यानं माझं ऐकलं होतं का. जन्मभर म्हणत आलो, कार्टं ऐकत नाही. आता देवाला म्हणतोय, ऐकलेलं नसू दे.”

खोलीत आता एक विद्यार्थिनी राहत होती. घरमालकानं तिला आमच्याबद्दल कळवलं होतं. तिनं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. गीझर विजेचा बसवला होता. खिडकी मात्र तीच होती. काकांनी हातमोजा काढला आणि चौकटीवरून अंगठा फिरवत नेला. वरून रंग दिलेला होता, तरी खाली टेपची कड हाताला लागत होती. कोपऱ्यात रंगाचा पोपडा उडून रुपेरी तुकडा उघडा पडला होता. मीही वाकून पाहिलं. तो कापलेला नव्हता, दुमडलेला होता.

“काम चांगलं केलंय,” काका म्हणाले. मग त्यांनी खिडकी सताड उघडली. बर्फ आत येऊ लागलं. आवाज ऐकून ती मुलगी धावत आली, पण काकांकडे बघून दारातच उभी राहिली. मला तर त्यांच्या जवळ जायचंही धैर्य झालं नाही.

सनदला परतलो तेव्हा शुभदाकाकू दारातच होत्या. “खिडकी पाहिलीत?”

“पाहिली. टेपबिप काही नव्हती. तुझा मुलगा कधी माझं ऐकायचा?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. “बरं झालं,” म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

गेल्या वर्षी काका गेले. काकू बहिणीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा सामान बांधायला मी गेलो होतो. हातातली चादर तशीच ठेवून त्यांनी विचारलं, “टेप होती ना रे?”

मी खोक्याची दोरी उगाच परत आवळू लागलो.

“मला ठाऊक होतं. नीरज जायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. हे साइटवर होते. इतका खूश होता! ‘आई, टेल बाबा, नो लीकेज. आस्क हिम, चांगलं केलं ना?’ हे आले की सांगू म्हटलं, आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तिकडून ती बातमी आली. मग कुठल्या तोंडानं सांगू?” काकू खाली बसल्या. “पोरानं जन्मात एकदाच बापाकडे शाबासकी मागितली होती, सुहास. ते मी यांना कळूच दिलं नाही.”