चिमाजी सुताराचं बुरसांचं घर

उत्रोलीच्या चिमाजी सुताराला भोरात उपेंद्ररावांच्या घरी बोलावणं आलं ते मागच्या दाराच्या चौकटीसाठी. साल १९३६. उपेंद्रराव संस्थानच्या कचेरीत कारकून होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बायको कुंदा पुण्याची, आणि तिचा थोरला भाऊ पुण्यात दातांचा डॉक्टर.

चौकट बसवून चिमाजी हत्यारं गोळा करत होता, तेवढ्यात कुंदाबाई न्हाणीतून तरातरा बाहेर आल्या. हातात पितळी पेला, पेल्यात घरातल्या पाच माणसांचे दात घासायचे ब्रश, आणि त्यातल्या एकाच्या केसांवर लांब मिशांचं झुरळ.

"चिमाजी, बघा हे! हेच सकाळी तोंडात घातलं असतं मी."

चिमाजीला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. त्याच्या घरी बाभळीची काडी असे. चावायची, घासायची आणि परड्यात फेकून द्यायची. तिला जागा कशाला लागते?

"या ब्रशांना भिंतीवर काहीतरी करून द्याल?"

"देतो की बुरसांना घर करून. फळीला पाच भोकं पाडली की झालं."

पण तेवढ्यानं झालं नाही. कुंदाबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. एकाचा ब्रश दुसऱ्याच्या ब्रशाला लागता कामा नये. पाणी निथळून गेलं पाहिजे, वारा लागला पाहिजे, झुरळ मात्र आत शिरता कामा नये. मग त्यांनी एक चिमुकली बाटली दाखवली. तिच्यात मेण लावलेला रेशमी धागा गुंडाळून ठेवला होता.

"दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथं हा ओढायचा. ओल्या हातानं सगळी गुंडी चिवडायची नाही, लागेल तेवढाच बाहेर यावा, अशी सोय करा."

"दातात धागा कशापायी?"

"अन्न अडकतं, कुजतं. मग दाढ किडते. किडीचं विष रक्तात गेलं तर माणूस दगावतोसुद्धा. दादा सांगतो."

चिमाजी मान हलवून घरी गेला. वाटभर त्याच्या डोक्यात फळीच होती.

पहिली फळी त्यानं सागवानाची केली, पाच भोकांची. आषाढात भोकांच्या कडा काळ्या पडल्या, हात लावला की बुळबुळीत. पाणी भोकाच्या कडेला धरून बसत होतं. दुसऱ्या खेपेला त्यानं भोकांऐवजी पुढून उघड्या खाचा पाडल्या आणि फळी पुढच्या बाजूला जराशी कलती ठेवली. ब्रश मानेपाशी अडकून लोंबायचे, पाणी खाली टपकायचं. ते जमलं. झुरळाचं मात्र जमेना. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तसं भिंतीवर कसं करणार? शेवटी फळीभोवती चौकट घालून पुढं बारीक तारेच्या जाळीचं दार बसवायचं ठरलं. तळालाही जाळीच, म्हणजे पाणी गळेल आणि वारा खेळेल. सगळं दोन पितळी आकड्यांवर टांगलेलं, उतरवून उकळत्या पाण्यानं धुता येईल असं. धाग्यासाठी बाजूला लाकडी डबी, आत फिरती रिळी, झाकणाला सुईएवढं भोक आणि भोकापाशी करवतीच्या तुटक्या पात्याचा एक दाता. ओढायचा, दात्यावर दाबायचा, तुटला.

डबी पाहून कुंदाबाई लहान मुलीसारख्या हरखल्या. "अहो चिमाजी, हे दादालाही सुचलं नसतं!"

त्या दिवशी त्यांनी वीतभर धागा तोडून चिमाजीला दिला. "घरी दाखवा."

त्यानं घरी दाखवला. त्याची बायको बनाबाई तव्यावर मिसरी भाजत होती. धागा बघून ती पोट धरून हसली आणि हसता हसता एकदम गालावर हात दाबून खाली बसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. दाढ हाय. ठणकती अधनंमधनं."

"कवापासनं?"

"झालं की साल. लवंग धरते म्या तितं."

चिमाजीनं तिला दारात उजेडाला नेलं. चौदा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोच्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. खालची शेवटची दाढ आतून पोकळ, काळी झाली होती. वाळवी लागलेल्या चौकटीसारखी. वर लाकूड धड दिसतं आणि बोट लावलं की आत भुगा.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुंदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढून टाका. दादा गणपतीला येणार आहे. तोवर थांबू नका खरं तर, दवाखान्यात न्या."

बनाबाई काही ऐकेना. "खालची दाढ काढली की नजर जाती. माझ्या आत्तीची गेली. आंधळी झाले तर पोरीला कोन बघंल?" पोरगी म्हणजे फुला, त्या वेळी नऊ वर्षांची. चिमाजीनं समजावलं, रागावला, एक दिवस अबोला धरला. पण लावणीचे दिवस होते. बनाबाई खाचरात वाकलेली असायची आणि म्हणायची, "ऱ्हायलं बगा, आज न्हाई ठणकत." ठणकत नाही म्हटल्यावर त्यालाही बरं वाटायचं. आणि जाळीचं दार अजून नीट मिटत नव्हतं, त्यात त्याचं मन गुंतलं होतं.

ऐन श्रावणात एका सकाळी बनाबाई उठली ती अर्धा चेहरा सुजूनच. दुपारपर्यंत सूज हनुवटीखाली उतरली. दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना. चिमाजी पेजेची वाटी घेऊन बसला, तर दातांत चमचा शिरेना. लाकडात अडकलेला खिळा, फुगलेलं दार, गाडीचा बसलेला आस, काहीही त्याच्या हातानं सुटायचं. इथं तो बायकोच्या ओठांवर चमचा टेकवून नुसता बसून राहिला. पेज तिच्या गळ्यावरून ओघळली.

शेजारच्या गेनूच्या बैलगाडीतून त्यानं तिला भोरला आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहेरून चीर दिली, पू काढला आणि गंभीर होऊन म्हणाले, "सूज आत घशाकडं गेलीय. पुण्याला न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता."

चिमाजी उपेंद्ररावांच्या दारात जाऊन उभा राहिला. कुंदाबाईंनीच ओळखलं. उपेंद्ररावांनी मेहुण्याला चिठ्ठी लिहिली, त्या दिवशीची शेवटची मोटार निघून गेली होती म्हणून सकाळच्या सर्व्हिस मोटारीत मागची जागा मिळवली, आणि कुंदाबाई लुगडं सावरत स्वतः आत चढल्या. "मी येते. दादाकडं थेट नेते."

मोटार निघाली. बनाबाईची जीभ सुजून वर आली होती. ती खुणेनं काहीतरी सांगत होती. चिमाजी विचारायचा, "पानी?" ती नाही म्हणून मान हलवायची. "फुला? फुला आत्याकडं हाय." तेही नाही. तिला काय हवं होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कात्रजच्या घाटात तिच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. कुंदाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "चालवा हो, जोरात चालवा!" त्या ड्रायव्हरला ओरडल्या. घाटाच्या चढाला मोटार जेवढी चालायची तेवढीच चालत होती. बोगद्याच्या अलीकडं तो आवाज थांबला.

ड्रायव्हरनं मोटार कडेला घेतली. माणसं खाली उतरली. लख्ख ऊन पडलं होतं. चिमाजी बायकोचा हात धरून तसाच बसला होता. कुंदाबाईंच्या मुठीत भावाच्या नावाची चिठ्ठी चुरगळली होती.

तेरावा झाल्यावर चिमाजी भोरला आला आणि राहिलेलं काम करायला बसला.

"राहू द्या ना आता," कुंदाबाई म्हणाल्या.

"घेतलं हाय तर पुरं करतो, बाई."

जाळीचं दार नीट मिटलं. पाच ब्रश पाच खाचांत लागले. गणपतीला कुंदाबाईंचा भाऊ आला, न्हाणीत उभा राहून त्यानं ते सगळं दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं. "असं माझ्या दवाखान्यात हवं. आणखी करून द्याल?"

चिमाजीनं जाळीचं दार मिटलं. त्यानं विचारलं, "डागतरसाहेब, आषाढात आनली असती तर जगली असती का वो ती?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "आषाढात नुसती दाढ काढायची होती. दोन मिनिटांचं काम."

चिमाजीनं मान हलवली. नंतर त्यानं तसली फळी पुन्हा कुणाला केली नाही. पुण्याहून दोनदा पत्र आलं, त्यानं ते वाचूनही घेतलं नाही.

पण गावात तो माणसांच्या तोंडात डोकावायला लागला. कुणी गालावर हात ठेवलेला दिसला की विचारायचा, "आ कर बगू." काही जण हसायचे, काही चिडायचे. साळूबाई म्हणाली, "तू सुतार हायेस का वैद्य?" आठ वर्षांत त्याच्या सांगण्यावरून तिघं दवाखान्यात गेले. बाकीच्यांनी लवंग धरली.

१९४४ साली तो लेकीला भेटायला भोंगवलीला गेला. फुलाला तिथं दिली होती. ती ओसरीवर आली, आणि तिच्या पदराआडचा सुजलेला गाल पाहून चिमाजीनं तिला तिथंच 'आ' करायला लावलं.

"इहीनबाई," तो तिच्या सासूला, सगुणाबाईला म्हणाला, "पोरीला उद्या भोरला नेतो. दाढ काडाय पायजे."

"बाजरी उभी हाय रानात," सगुणाबाई म्हणाली. वाईट नव्हती ती, थकलेली होती. "मानसं न्हाईत. काडनी झाली की न्या की खुशाल."

त्यानं बनाबाईचं सांगितलं. ती म्हणाली, "तिचं नशीब, पावनं. दाढ कुनाची दुखत न्हाई?" मुलीच्या बापानं याहून जास्त काय बोलावं? जावई मान खाली घालून बसला होता. चिमाजीनं हात जोडले, पुन्हा जोडले. शेवटी म्हणाला, "मग मला विळा द्या."

चार दिवस तो व्याह्यांच्या रानात बाजरी काढत होता. त्या कामाची सवय नव्हती, हात सोलून निघाले. दर दोन सऱ्यांनंतर तो बांधावर जायचा, फुलाची हनुवटी वर करायचा आणि सूज खाली उतरली का ते बोटानं चाचपून बघायचा. काय करावं ते त्याला दुसरं सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी सगुणाबाईनं स्वतःच गाडी जुंपायला सांगितली.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फुलाचं तोंड उघडलं. अजून उघडत होतं. ते चिमाजीला म्हणाले, "डोकं घट्ट धरा पोरीचं."

चिमाजीनं दोन्ही हात पुढं केले. पण ते डोकं धरायचं सोडून हनुवटीखालची सूजच चाचपत राहिले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो पायरीवर बसला आणि त्यानं कान दाबून धरले. आतून फुला एकदाच ओरडली. मग ती तोंडात कापूस दाबून बाहेर आली आणि बापाशेजारी पायरीवर बसली.