नारळांची बैलगाडी आणि चाळीस रुपयांचं बजेट

चालायला पैसे लागत नाहीत, असं मी एकदा बायकोला लेखी दिलं होतं. तेही कार्बन लावून! दुसरी प्रत तिने तांदळाच्या डब्यात जपून ठेवली आणि तिथंच माझा घात झाला.

तेव्हा मी आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. दिवसभर पहाणीच्या, म्हणजे पीकपाण्याच्या, नोंदी उतरवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नोंदी दुसऱ्या वहीत उतरवायच्या. आंध्र सरकारने मला खुर्ची दिली होती, पण पायांचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. टेबलाखाली ते सारखे हलत, त्यामुळे शेजारच्याची शाई सांडे. रविवारी घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारायचो की शांता (म्हणजे बायको) ओरडायची, "अवो, एका जागी बसा ना! सारवण उखडून राह्यलं!"

कचेरीच्या भिंतीवर जिल्ह्याचा जुना नकाशा होता. पूर्वेच्या टोकाला वांकिडी, आणि पश्चिमेची हद्द ओलांडली की माहूर. एक दिवस मी वांकिडीवर बोट ठेवलं आणि चालवत चालवत माहूरला नेलं. बोट दीड मिनिटात पोचलं. पायांना नऊ दिवस लागतील, असा मी हिशेब केला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अडचण एकच होती, ती म्हणजे पैसे. घरात पैसे होते, पण ते बिस्किटाच्या डब्यात होते आणि तो डबा शांताचा होता. दोन वर्षं शेजारणींची पोलकी हाताने शिवून तिने शिलाई मशीनसाठी ते साठवले होते. बाजारातल्या दुकानदाराने एक मशीन तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, पण महिनाअखेरपर्यंतच. डब्यात वीस रुपये कमी पडत होते.

मी कचेरीतला चार रकान्यांचा कागद आणला आणि बजेट तयार केलं. वांकिडीपर्यंत बसभाडं, रोज एक चहा, चपलांची झीज दोन रुपये, संकीर्ण पाच रुपये. मुक्काम शून्य. जेवण शून्य!

"जेवण शून्य कसं?" शांताने विचारलं.

"अगं, आपल्या भागात पायी जाणाऱ्याला कोणी उपाशी जाऊ देतं का? डब्यातले चाळीस दे. सगळे लागायचे नाहीत. शिवाय नऊ दिवस घरचा चहा, पान, सुपारी, माझं जेवण सगळं वाचतं. त्यातून हा खर्च निघून वर वीस सुटतात. मी चाललो की तुझं मशीन आलं!"

तिने कागद वाचला, माझ्या हलणाऱ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सही करा."

रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब गुंटूरकडचे. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "नडिचि पोतारा? बस्सु लेदा?" चालत जाणार? बस नाही का? बस आहे सार, म्हटलं, पण तिच्यात बसावं लागतं. त्यांनी घाईघाईने सही केली. (वेड्या माणसाला रजा नाकारू नये, हे त्यांना अनुभवाने माहीत असावं.)

वांकिडीला माझी थोरली बहीण दिली आहे. बसने तिच्याकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाठीला पिशवी बांधली. अक्का दारात आडवी आली.

"काऊन रे, इतक्या दूर पायी? काई नवस हाय काय?"

आता 'नुसतं चालायचंय' म्हणालो असतो, तर तिने वैद्य बोलावला असता. आणि नुसत्या चालणाऱ्याला पुढच्या गावात भाकर कोण देणार? माझं जेवणाचं शून्य टिकवायचं होतं. मी हात जोडून म्हणालो, "देवीले चाललो, अक्का."

त्या एका शब्दाने सगळी वाट लावली.

आतून अक्काची सासू काठी टेकत आली. "मंग बाबू, माही ओटी घेऊन जाय. आता माह्यानं माहूर होत नायी." नारळ, खण आणि सव्वा रुपया माझ्या हातात आला. "अन् परसाद आणून देजो बरं! माह्याच नारळाचा!"

देवीच्या ओटीला नाही म्हणता येत नाही. शेजारणीच्या ओटीलाही म्हणता आलं नाही. तिच्या जावेच्याही नाही. वेशीबाहेर पडेपर्यंत अकरा नारळ झाले. कोणाचा कुठला, ते विसरू नये म्हणून मी प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं. बजेटच्याच कागदामागे, म्हणजे नव्या कागदाचा खर्च नको!

मी पायी चाललो होतो, पण बातमी बसने चालली होती. आसिफाबादला पोचलो तर बाया वाटेवर उभ्याच! एका तेलुगू आजीने "अम्मवारिकि इव्वंडि", म्हणजे देवीला द्या, म्हणत दोन नारळ दिले, एक तिचा आणि एक तिच्या दुखऱ्या गुडघ्याचा. केरामेरीचा घाट चढलो तो डोक्यावर चौतीस नारळांचं पोतं घेऊन. जेवण मात्र शून्यातच मिळत होतं हं! पिठलं, भाकर, ठेचा, आणि जेवून हात धुवेपर्यंत दोन नारळ.

जैनूरला मान खाली बसली, ती वर येईना. तिथं भीमराव गाडीवाला भेटला.

"आदिलाबादले तीन दिवस लागतीन. दिवसाचे बारा रुपये, अन् बैलाइचा कडबा तुमचा."

नाइलाज होता. पोतं गाडीत टाकलं आणि मी मागून चालू लागलो.

"अवो मास्तर, बसा ना गाडीत!"

"नाही, मला पायी जायचंय."

"मंग गाडी काह्याले केली?"

"नारळांना चालता येत नाही म्हणून!"

भीमरावाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ बैलांशीच बोलत राहिला.

गाडी पाहिल्यावर लोकांचा संकोच पार गेला. "गाडी हायच ना!" म्हणत उटनूरला नारळांबरोबर कोहळेही आले. माझ्या कमरेला सव्वासव्वा रुपयांची पुरचुंडी इतकी जड झाली की धोतर सुटायला लागलं. पण तो पैसा देवीचा! कमरेला शंभराच्या वर रुपये बांधलेला मी, चहाच्या टपरीसमोर उभा राहून नुसता वास घेत होतो, कारण माझा स्वतःचा पैसा कडब्यासाठी राखून ठेवायचा होता. भीमराव माझ्यासमोर फुर्र करून चहा प्यायचा. तोही माझ्याच खर्चाने!

गुडीहतनूरला झाडाखाली टेकलो. बेरीज करायला कागद काढला आणि जरा डोळा लागला. जागा झालो तेव्हा डावा बैल शांतपणे काहीतरी चघळत होता. त्याच्या तोंडाबाहेर फक्त 'संकीर्ण' एवढंच उरलं होतं. मी धावलो, पण त्याने तेही गिळलं. बजेट गेलं आणि मागची सगळी नावंही गेली!

"कागद कडब्यात धरतो मी, वेगळे पैसे नायी घेत," भीमराव समजुतीने म्हणाला.

सहाव्या दिवशी दुपारी आमची वरात माझ्याच गल्लीत शिरली. माहूरच्या वाटेवर माझं घर येतं, हे नकाशावर छान दिसलं होतं. आता नाही वाटलं छान! एका गृहस्थाने वाटेतच गाडी थांबवून नारळाचा भाव विचारला. शांता दारात आली, गाडी पाहिली, आत जाऊन तांदळाच्या डब्यातली प्रत घेऊन आली आणि भीमरावाला विचारून तिने हिशेब मांडला.

"गाडीभाडं छत्तीस. कडबा अन् याह्यचा चहा नऊ. पंचेचाळीस झाले. तुमच्यापाशी?"

"एकोणतीस."

"कडबा कोणत्या रकान्यात टाकू?"

"संकीर्ण," मी हळूच म्हणालो.

"देवीच्या पैशाइले हात लावसान तर याद राखा!" असं बजावून तिने बिस्किटाचा डबा उघडला आणि सोळा रुपये भीमरावाच्या हातावर ठेवले. झाकण लावलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. रात्री शेजारणीचं पोलकं मांडीवर घेऊन ती पुन्हा हातानेच टाके घालत बसली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की पाय हलायचेसुद्धा थांबले. महिनाअखेर आली आणि ते मशीन दुसऱ्या कोणाच्या तरी घरी गेलं.

माझ्या तळव्यांना पुरीएवढे फोड आले होते. त्यामुळे मी घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी शांता आणि दोन शेजारणी सगळे नारळ, कोहळे आणि पुरचुंडी घेऊन माहूरच्या बसमध्ये बसल्या. शेजारणींनी हौसेने तिचंही तिकीट काढलं. दुपारी पोचल्या, ओट्या भरल्या, दुसऱ्या दिवशी जेवायला घरी! मी मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसलो होतो.

"झालं माहूर," ती म्हणाली. "आता परसाद कोण पोचवते?"

प्रसाद मीच पोचवला. फोड बरे झाल्यावर, पुढची रजा काढून, वांकिडीपर्यंत. चालतच, कारण बसभाड्याला पैसे उरले नव्हते! नावं बैलाच्या पोटात असल्यामुळे गावोगावी विचारत गेलो, "तुमचा नारळ होता का?" एकजण नाही म्हणाला नाही. अक्काच्या सासूने शेवटचा तुकडा डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "हा माह्याच नारळाचा, वासच सांगते." तिच्या पाया पडताना मी तोंड वर केलं नाही.

मशीन दिवाळीत आलं. माझा सणाचा अॅडव्हान्स पाकिटासकट शांताच्या हातात दिला होता. तिने पहिला शिवला तो माझाच सदरा. अंगाला चपखल बसला. मी खुशीत छातीवर हात फिरवला, तर खिसाच नाही! दोन्ही बाजू चाचपल्या.

"खिसा राह्यला की काय?"

"राह्यला नायी, ठेवलाच नायी," दोरा दाताने तोडत ती म्हणाली. "खिसा असला की तुमी त्यात कागद ठेवता."

तेव्हापासून मी टोपी घालतो. बासर ते मंचेरियल, गोदावरीच्या काठाकाठाने, बारा दिवस, जेवण शून्य, असा एक कागद सध्या टोपीच्या घडीत आहे.