दादाचा मॅग्नॅनिमस

दादाच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या, दोन आरसे आणि एक जीभ. कात्री थकेल, जीभ थकायची नाही. त्यातून त्याला इंग्रजी शब्दांचा भारी सोस. दाढीला येणारे निवृत्त मास्तर त्याला एकेक शब्द शिकवायचे. त्यांची अट एकच: शब्द नुसता पाठ करायचा नाही, खऱ्या माणसाला बरोबर लावून दाखवायचा. तोवर पुढचा शब्द बंद.

'मॅग्नॅनिमस'पाशी गाडं अडलं.

"म्हणजे मोठ्या मनाचा," मास्तर साबणाच्या फेसातून म्हणाले.

एवढंच ना, असं म्हणून दादा सुटला. चहा पाजणारा शेजारचा शिंपी मॅग्नॅनिमस. रांगेतला आपला नंबर दुसऱ्याला देणारा पोस्टमनही मॅग्नॅनिमस. वाढलेल्या दाढीनिशी हसत आलेला पेंटर तर काही कारण नसताना मॅग्नॅनिमस. मास्तर दरवेळी नकारार्थी मान हलवायचे, आणि गालावर वस्तरा असताना मान हलवू नये याचंही त्यांना भान नसायचं.

"अहो दादा, हा नुसता चांगुलपणा झाला. ज्याला तुम्ही दुखावलंत, त्याच्याच हाती तुमची मान सापडते, आणि तरी तो सोडून देतो. तो मॅग्नॅनिमस."

दादा गप्प बसला. त्या सलूनमध्ये ही बातमीच होती.

रस्त्यापलीकडे त्याच्या धाकट्या भावाचं सलून होतं. आधी दोघं याच दुकानात काम करायचे. एकदा दुकान भरलेलं असताना दादा सहज बोलून गेला, "धाकट्याकडे केस कापायचे तर घरून टोपी घेऊन या." सगळे हसले. धाकट्याने कात्री फडक्यात गुंडाळली आणि निघून गेला. जिभेला हाड नसतं ते असं.

अबोल्यात एक पंचाईत झाली. 'आपला हात जगन्नाथ' म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच मानेमागचे केस कापून दाखवावेत. भाऊ एकत्र होते तोवर एकमेकांचे कापायचे. आता दादाचे बायको कापायची, शिवणाच्या कात्रीने, आणि मागून तो उंदरांनी कुरतडलेल्या झाडूसारखा दिसायचा. दुसऱ्या न्हाव्याकडे जायचं तर नाक आडवं यायचं.

मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र बायकोने कात्री खाली ठेवली. "मी हात लावणार नाही. सख्खा काका लग्नाला नसेल तर पोरगी रडेल, आणि फोटोत तुम्ही असे दिसलात तर मी रडेन. दोन्हींचं औषध समोरच्याच दुकानात आहे."

दादा रस्ता ओलांडून गेला. न बोलता रिकाम्या खुर्चीत बसला आणि मान खाली घातली. धाकट्यानेही न बोलता त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. बाकावरच्या गिऱ्हाइकाला जुनी गोष्ट ठाऊक होती. तो मिश्कीलपणे म्हणाला, "काय रे, दादांनी टोपी आणलीय का?"

दादाने डोळे मिटले. आता सव्याज परत मिळणार, हे त्याला कळून चुकलं.

धाकट्याची कात्री थांबली. "ते माझे मोठे भाऊ आहेत," तो म्हणाला. "मला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं."

केस डोळ्यांत गेले, असं दादाने नंतर सगळ्यांना सांगितलं. मानेमागचे केस डोळ्यांत कसे जातात, ते त्याला विचारू नका.

"चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला.

"मान हलवू नकोस. उद्या किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर लग्नासाठी दाढी करायला आले, तर दादाच्या खुर्चीत कुणीतरी आधीच बसलेलं. मास्तर म्हणाले, "काय दादा, मिळाला का मॅग्नॅनिमस?"

"मिळाला," दादा म्हणाला. "जरा थांबा मास्तर, त्याचे केस कापतोय."