डाव्या लॉकरपाशी अकरा मिनिटं

गाडी मी आदल्या दिवशी दुपारी चार वाजता धुतली. सार्जंट बेकरनं धुवू नकोस म्हणून सांगितलं होतं, तरीही धुतली.

मी तेव्हा ब्रिटिश आर्मीत लान्स कॉर्पोरल होतो, व्हेइकल मेकॅनिक. ग्लासगोला शिकायला आलो आणि कॉमनवेल्थ देशातला म्हणून भरती झालो. वडील भारतीय सैन्यातले निवृत्त सुभेदार. पोरगा इंग्रजांच्या फौजेत गेला म्हणून त्यांनी दोन महिने माझा फोन घेतला नाही. आमची बरीचशी वाहनं इराकला गेली होती. त्यामुळे हायलँड्समधल्या हिवाळी ट्रेनिंगला आम्हाला एक भाड्याचं मोटरहोम मिळालं. आत बिछाने, शेगडी, हीटर. बाहेरच्या अंगाला खाली सामानाचे चार लॉकर. आठ रिक्रूट, बेकर आणि ड्रायव्हर म्हणून मी. जवानांनी पडदे लावलेल्या गाडीतून फिरायचं याचं आम्हाला हसू यायचं.

त्या लॉकरच्या दारांची काळजी कशी घ्यायची ते बेकरनं पहिल्याच दिवशी शिकवलं. दाराच्या कडेचं रबर कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग ते गोठून चिकटू नये म्हणून त्यावर सिलिकॉन ग्रीस चोळायचं. कुलपात पाणी जाऊ द्यायचं नाही. दार चिकटलंच तर ओढायचं नाही. आधी तळहातानं चारी बाजूंनी आत दाबायचं, म्हणजे बर्फाचा पापुद्रा तुटतो. उकळतं पाणी ओतायचं नाही, ते तिथेच गोठतं. आणि दर चार तासांनी प्रत्येक दार एकदा उघडून बघायचं. सिव्हिलियन मंडळींना हे खुळ्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं.

तर त्या दुपारी निरोप आला की उद्या मेजर येणार. गाडीवर मिठाचा आणि चिखलाचा थर होता. मळकी गाडी साहेबापुढे उभी करणं आमच्या घराण्यात बसत नाही. वडील इन्स्पेक्शनच्या आधी जीपचे टायरसुद्धा पुसायचे. बेकर म्हणाला, "राहू दे, पवार. मेजरनं चिखल पाहिलेला आहे." मी हो म्हणालो. तो रिक्रूटना घेऊन चढणीवर गेल्यावर नळीनं सगळी गाडी धुऊन काढली. तीन लॉकरची रबरं पुसली. बोटं बधिर झाली होती. डाव्या बाजूचा मागचा लॉकर तसाच राहिला. त्यात स्ट्रेचर, स्लीपिंग बॅग्ज आणि ब्लँकेट्स होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तपमान उणे नऊ. घाईत मी तीन दारं उघडून पाहिली. चौथं पाहिलं नाही.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी रेडिओ वाजला. एका रिक्रूटचा आवाज होता. ओढा ओलांडताना एका रिक्रूटच्या पायाखालचा बर्फ फुटला. बेकरनं त्याला ढकलून काठावर काढलं आणि स्वतः आत गेला. त्याला बाहेर काढायला बराच वेळ लागला होता.

"एक जण पाण्यातून काढलाय. स्ट्रेचर, स्लीपिंग बॅग्ज. लवकर. ओव्हर."

"रॉजर. दहा मिनिटं. आउट."

ओढा रस्त्यापासून सहाशे मीटरवर होता. लॉकर उघडेना. मी ओढलं. आधी दाबायचं हे डोक्यातून पार गेलं होतं. हँडल तुटून हातात आलं. मग दाबलं, लाथा घातल्या, शेवटी टायर लिव्हर घालून दार फोडलं. एक वाजून एकवीस. अकरा मिनिटं गेली होती.

धावत पोचलो तेव्हा पोरांनी अंगातली जॅकेट्स काढून त्याच्यावर घातली होती आणि स्वतः कुडकुडत उभी होती. आम्ही त्याला दोन बॅगांत गुंडाळलं. बेकरनं डोळे उघडले. "कुठे होतास, पवार?" तो म्हणाला. एवढंच. रागानं नाही. मी बॅगेची चेन त्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी हेलिकॉप्टर आलं. संध्याकाळी ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये तो वारला. रात्री मी तिथे पोचलो, तेव्हा भेटलेले डॉक्टर नागपूरचे होते. गणवेशावरचं माझं आडनाव वाचून मराठीत बोलले. मी त्यांना अकरा मिनिटांचं विचारलं.

"अहो, फरक पडला असता की नसता, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," ते म्हणाले. "कुणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी खोटा धीर दिला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

चौकशीत मी सगळं सांगितलं. गाडी धुतली, नको म्हटलेलं असताना धुतली, दार पाहिलं नाही. माझी लान्स कॉर्पोरलची पट्टी गेली. ती जायलाच हवी होती.

नंतर मी कॉव्हेंट्रीला बेकरच्या बायकोकडे गेलो. चौकशीचे कागद तिनं वाचले होते. ती चिडेल, दार लावून घेईल, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. तिनं चहा दिला. लॉकरच्या दाराचा विषय काढला नाही. मग तिनं विचारलं, "शेवटी त्याला थंडी वाजत होती का?"

"नाही, मिसेस बेकर," मी म्हणालो. "आम्ही त्याला उबेत ठेवलं होतं."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. माझा तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

त्या भेटीला आता बरीच वर्षं झाली. तिला सांगता आलं नाही ते इथे लिहून ठेवतो. सार्जंट बेकर, वय एकोणचाळीस. एका पोराला वाचवून गेला. त्याला फार थंडी वाजत होती.