सतरा फेरे

"सोळा… सतरा. बास. आता निवांत ऱ्हावा."

मी पंपघराच्या दारातच थांबले. आत एक म्हातारा माणूस लोखंडी चाकावर दोन्ही हात ठेवून उभा होता. हे तो पाइपाला म्हणाला होता, तेही आदराने. मग खांद्यावरच्या फडक्याने त्याने चाक पुसलं, आणि नंतर स्वतःचे हात.

मी हातात मोजणीच्या यंत्राची पेटी घेऊन उभी होते. काहीतरी म्हणायला हवं होतं. मी नेहमीप्रमाणे वाक्य आधी मनात जुळवत राहिले. तेवढ्यात तोच वळला.

"बोला की."

मी बोलले.

"ऐकू न्हाय आलं. पंपाच्या वर बोला, म्याडम. पंपाच्या खाली बोललेलं हितं कुनालाच ऐकू येत न्हाय."

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका लहान शहराचं हे पंपघर. शहराचं नाव मी लिहीत नाही. कालव्याचं पाणी साठवण तलावात येतं आणि तिथून पंप ते गावातल्या उंच टाकीत चढवतो. त्याला वीज किती लागते आणि त्यातली वाया किती जाते, हे मोजायला पुण्याच्या एका कंपनीने मला पाठवलं होतं. माझी पहिलीच नोकरी, अजून कायम न झालेली. मी वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलायचो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मनातल्या मनात शुद्धलेखन तपासत बसते. तोवर विषय बदललेला असतो.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. मीही म्हणू लागले.

तुम्ही कधी पंपघरात गेला नसाल तर सांगते. पंप सुरू करायचा म्हणजे आधी चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद करायचा, मग मोटर चालू करायची, मग हळूहळू व्हॉल्व्ह उघडायचा. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि आपल्याकडे वीज काही विचारून जात नाही. त्यामुळे आबा त्या खोलीपासून ओरडलेलं ऐकू येईल एवढ्याच अंतरात असायचे. त्यांचा जोडीदार निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. आबा स्वतः दर वर्षी नव्या करारावर. जेवण तिथेच, झोप तिथेच, अंघोळ बाहेरच्या नळावर.

"पान्याला सुट्टी नस्ती," असं ते दिवसातून चार वेळा तरी म्हणत. तक्रार म्हणून नाही. लोक 'चालायचंच' म्हणतात, तसं.

लेकीचं लग्न त्यांनी पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधे लावलं होतं. "मुहूर्त गुरुजींनी न्हाय काढला, पंपानं काढला. अक्षदा टाकल्या आन् सायकल मारली. व्याही म्हनला, नवरीचा बाप कुठं गेला? कुनीतरी सांगितलं, पानी सोडाय गेलाय. तितं जेवनाऱ्यांच्या हातावर पानी पडाय नगं का?"

त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. "बाप आठ म्हैने चालायचा. पार कोकनापतुर. रातच्याला मेंढरं वाघरीत कोंडायची. म्हंजी जाळीचं कुंपान असतं बगा." मग त्यांनी खिडकीच्या लोखंडी जाळीवर बोटाने टकटक केलं. "मेंढरं गेली. वाघर ऱ्हायली."

दुपारी ते भाकरीचा चतकोर माझ्यापुढे सरकवत. मी नको म्हणे, ते ऐकू आलं नाही असं दाखवत. एकदा विचारलं, "विंग्रजीत पंपाला काय म्हंत्यात?"

"पंपच."

"आन् मोटरला?"

"मोटर."

"मंग बापानं येवढी फी कशापायी भरली?"

त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. तेव्हापासून मी 'म्याडम'ची 'पोरी' झाले.

तिसऱ्या दिवशी माझे आकडे जुळले. पंप गावाच्या गरजेपेक्षा बराच मोठा होता आणि आबा व्हॉल्व्ह अर्धाही उघडत नव्हते. गाडी पूर्ण वेगात ठेवून ब्रेकवर पाय दाबून धरावा, तसं. वीज वाया जात होती ती तिथेच. पुण्याच्या कंपनीतले माझे सर फोनवर खूश झाले. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा. छान सापडलं."

मी आबांना विचारलं, पूर्ण का उघडत नाही?

"चाळीस फेरे हायेत त्याला. उघडाय काय जातंय? पन वढ्याच्या पुलाखाली जुना सिमेटचा पाइप हाय. सतरापतुर दम धरतो." त्यांनी आवाज जरा खाली घेतला. "पयल्या उन्हाळ्यात मी अठरावा दिला. फुटला. पोलिसपाटलाच्या वावरात तळं झालं. तवापासनं सतरा."

चाकाशेजारून, आत केबल असलेला एक लोखंडी नळ उभा वर गेला होता. त्याला लाल दोरा बांधलेला, वर कुंकवाचं बोट. पहिल्या दिवशी मी त्याचा फोटो काढला होता आणि वहीत लिहिलं होतं: खंडेनवमीच्या पूजेचा दोरा.

"पुजेचाच हाय. पन हितं का बांदला ते बग." व्हॉल्व्ह उघडताना चाकातून लोखंडी दांडा वर येतो. त्याचं टोक दोऱ्याच्या रेषेत आलं की सतरा फेरे झाले. "मी आजारी पडलो तर दुसऱ्याला कळाय पायजे. लिवून ठिवलं तर कुनी वाचत न्हाय. देवाचं असलं तर कुनी हलवत न्हाय."

उपाय खरं तर साधा होता. लहान पंप, आणि ओढ्याजवळचा तेवढा पाइप नवा. मी सरांना सांगायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, "पाइप आपल्या कामात नाही. तू पंप मोज." माझ्या फॉर्ममध्ये पाइपाला रकाना नव्हता. मी फॉर्म भरला.

मग आबांच्या नातवाचं जावळ आलं. नरसिंहपूरला, लेकीच्या सासरी. आबा जाणार नव्हते. मीच म्हणाले, जा ना आबा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, मी असेनच इथे. त्यांनी चाक पुन्हा एकदा पुसलं. मग नगरपालिकेच्या साहेबांना फोन करून रजा मागितली, तीही अशा आवाजात, की जणू काही चोरून आणलेली वस्तू परत करत आहेत.

आदल्या संध्याकाळी निघताना नवा शर्ट घातला होता. दारातून दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा चाकावर हात ठेवून म्हणाले, "टाकीवरचा मानूस येईल बदली. त्याला येवढंच सांग. सतरा."

"हो आबा."

"सांगशील न्हवं? पंपाच्या वर?"

"सांगते."

जावळाच्या दिवशीच नगरपालिकेचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. म्हणून सकाळीच पंपघराला रंग दिला गेला. मी पोचले तेव्हा केबलचा नळ करड्या रंगात चमकत होता आणि त्यावर दोरा नव्हता. टाकीवरच्या माणसाने मला कौतुकाने वर दाखवलं. पॅनलवरच्या देवाच्या तसबिरीला दोरा नीट गाठ मारून बांधला होता. "रंगाऱ्याला म्हनलं, देवाचा दोरा हाय, पायदळी नगं. वर बांद."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात गाड्या आल्या. पाचसहा पुरुष आत आले, सगळे एकदम बोलत होते. मोटर सुरू झाली. बदलीचा माणूस चाक फिरवू लागला. मी मनात वाक्य जुळवत होते: साहेब, एक मिनिट, आबा असं सांगून गेलेत की. 'सांगून गेलेत की' बरोबर, की 'म्हणून गेलेत की'?

दहा. बारा. मी फेरे मोजत होते. तो दम घ्यायला थांबला.

"का थांबलास?" मोठे साहेब म्हणाले. "पूर्ण उघड. वीज वाचवायलाच आलोय ना आपण?"

सोळा. सतरा. अठरा.

माझ्या यंत्रावर पाण्याचा आकडा चढत गेला. साहेबांनी वाकून पाहिला. "बघा! म्हणजे इतकी वर्षं तो म्हातारा पाणी अडवून बसला होता." सगळे माझ्याकडे बघून हसले, यंत्र माझं होतं म्हणून. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं.

तासाभरात ओढ्यावरून फोन आला.

तीन दिवस गावाला पाणी नव्हतं, ऐन उन्हात. टँकरपुढे घागरी, नगरसेवकांचे फोन, वर्तमानपत्रात फोटो. दोष कुणाच्यातरी नावावर लागणार होता.

दुसऱ्या दिवशी आबा पहिल्या एसटीने आले. कपाळावर अंगारा तसाच होता, हातात कापडी पिशवी. पंपघरातच चौकशी झाली. पाइप सतराच फेरे सोसतो, हे आबांनीच सांगितलं. आबा उभे, साहेब खुर्चीत, मी कोपऱ्यात यंत्राच्या पेटीवर.

"सतरा फेऱ्यांचं कुणाला सांगून गेला होता?"

आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तसबिरीकडे, दोऱ्याकडे.

"न्हाय साहेब. सांगायचं ऱ्हायलं."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. पेन माझंच होतं.

पंप तेव्हा बंद होता. खोलीत इतकी शांतता होती की मी कुजबुजले असते तरी ऐकू गेलं असतं. मी पेटीचं कुलूप उघडत राहिले आणि लावत राहिले.

जाताना त्यांनी पिशवीतून लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "जावळ झाक झालं. पोरगं रडलं न्हाय." मी लाडू रुमालात गुंडाळू लागले. ते म्हणाले, "घाबरलीस व्हय? मी बी घाबरलो व्हतो, अठराव्याला. कुनाला बोललो न्हाय, म्हैनाभर. पाइप आपसूक फुटला म्हनायचे समदे." मग दारात थांबून खोलीकडे एकदा बघितलं आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायला गेले, पण अर्ध्यावरच सोडलं. "पान्याला…"

त्यांचा करार पुढे झाला नाही. टाकीवरचा माणूस सांगत होता, आबा आता लेकीकडे असतात. दिवसभर नदीकाठी फिरतात, कुणी बोलावत नाही, थांबवत नाही. फक्त घरातले दिवे गेले की जेवत असले तरी ताटावरून उठतात.

पंधरा दिवसांनी आमच्या अहवालाची बैठक झाली. मोठे साहेब, त्यांचे लोक, पुण्याहून सर. मला फक्त पडद्यावरची पानं पुढे सरकवायची होती. पंपघराचं पान आलं. 'कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' ही ओळ मीच टाइप केली होती. तिच्याखाली उपाय म्हणून लिहिलं होतं, मोठा पंप तसाच ठेवावा आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा. ओढ्यावरचा तोच जुना पाइप सांधून, 'आता भक्कम झाला' म्हणत, पुन्हा पाणी सुरू केलं होतं.

सर म्हणाले, "पुढचं पान."

मी पान सरकवलं नाही.

"पुढचं पान," सर पुन्हा म्हणाले. मोठे साहेब घड्याळ बघत होते. "अहो, त्या प्रकरणात आता काय राहिलंय? तो कुणालाही सांगून गेला नव्हता. त्यानंच लिहून दिलंय."

वातानुकूलन यंत्र घरघरत होतं. मी वाक्य जुळवलं नाही. त्या आवाजाच्या वर बोलले.

"मला सांगून गेले होते."

सगळे वळले.

"सतरा म्हणाले होते. मी सांगितलं नाही."